म्हाताऱ्या मांजराचे शेवटचे महिने

प्रति,
महाराष्ट्रात कुत्र्यामांजरांवर उपचार करणारे सर्व पशुवैद्यक

विषय : असाध्य आजार झालेल्या म्हाताऱ्या मांजराची घरी करायची शुश्रूषा आणि त्याचा शेवट



घरात वाढलेले, नसबंदी झालेले, वेळच्या वेळी लसी टोचलेले मांजर आज सहज १५-१६ वर्षे जगते. १० वर्षांपुढचे मांजर म्हातारे धरतात आणि १५ वर्षांचे मांजर माणसाच्या मापाने पंचाहत्तरीत असते. शाळेतून येताना मुलीने दप्तरात घालून आणलेले पिल्लू ती मुलगी नोकरीला लागून परगावी गेली तरी घरातच असते. त्याचे दुखणे काढायची वेळ येते तेव्हा घरात बहुधा तिचे साठीतले आईवडील उरलेले असतात. त्यांचे गुडघे दुखत असतात, चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, आणि सुई टोचणे हे काम त्यांनी आयुष्यात कधी केलेले नसते. म्हाताऱ्या मांजराची सेवा बहुतेक वेळा अशा हातांनी होते.

उतारवयात मांजराला गाठणारे आजार बरेच आहेत. थायरॉइड वाढतो, मधुमेह होतो, हृदयाचा स्नायू जाड होतो, आतड्यात लिम्फोमा होतो, जिभेखाली कर्करोगाची गाठ येते. पण सर्वांत जास्त आढळणारा, सर्वांत लांबणारा आणि घरच्यांच्या हातावर सर्वांत जास्त अवलंबून असलेला आजार मूत्रपिंडाचा. १० वर्षांपुढच्या मांजरांपैकी ३० ते ४० टक्के मांजरांना तो असतो असे मानले जाते. म्हणून उदाहरण त्याचेच घेतलेले बरे.

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या असतात. एक निकामी झाली की तिचे काम उरलेल्या चाळण्या अंगावर घेतात आणि बाहेर काही कळत नाही. दोन तृतीयांश चाळण्या गेल्या की लघवी घट्ट करण्याची ताकद संपते. तीन चतुर्थांश गेल्यावर कुठे रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसते. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले. कमी पाण्यावर भागवणे आणि अतिशय घट्ट लघवी करणे हा त्यांचा वारसा. त्यामुळे एरवी भांड्याकडे ढुंकूनही न पाहणारा बोका न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालू लागला, किंवा नळाखाली जाऊन बसू लागला, तर तेच आजाराचे पहिले लक्षण. गंमत अशी की घरात त्याचे कौतुक होते. ‘हल्ली पाणी छान पितो’ हे वाक्य दवाखान्यात आनंदाने सांगितले जाते.

दुसरे लक्षण वजनाचे. ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम घटले तर डोळ्यांना दिसत नाही, कारण केसांखाली सगळे झाकले जाते. पण ते ५ टक्के आहेत. ६० किलोच्या माणसाचे एकदम ३ किलो कमी व्हावेत तसे. म्हाताऱ्या मांजराच्या घरात बाळांचे वजन करतात तसला काटा असावा आणि दर आठवड्याला आकडा कॅलेंडरवर लिहावा. पाटीतली माती गोळा होणारी असेल तर रोजचे गोळे मोजावेत. या दोन नोंदी पुढे दवाखान्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे देतात.

रक्ताचा अहवाल हाती आला की घरचे एकाच आकड्याला धरून बसतात. १.६ ते २.८ क्रिएटिनिन म्हणजे दुसरा टप्पा, ५ पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा, अशी आंतरराष्ट्रीय विभागणी आहे आणि ती उपयोगाचीही आहे. मात्र क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. म्हातारे मांजर वाळत गेले, पाठीचे मणके हाताला लागू लागले, की स्नायूंबरोबर हा आकडाही उतरतो आणि आजार आहे त्यापेक्षा हलका भासतो. एसडीएमए ही तपासणी स्नायूंवर तितकी अवलंबून नसते. हे घरच्यांना दोन वाक्यांत सांगता येते. न सांगितल्यास ‘रिपोर्ट सुधारला, पण मांजर खंगत चालले’ हे कोडे त्यांना महिनाभर छळते.

रक्तदाबाचेही तसेच. किडनीच्या आजारात तो वाढतो, आणि वरचा आकडा १६० च्या पुढे टिकून राहिला तर डोळ्यामागचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते. सकाळी ते भिंतीला धडकते, बाहुल्या मोठ्या आणि काळ्याभोर दिसतात, आणि घरच्यांना वाटते मोतीबिंदू झाला. अम्लोडिपिनची छोटीशी मात्रा हे टाळू शकते. पण त्यासाठी दर भेटीत रक्तदाब मोजला जायला हवा, आणि मोजण्याआधी मांजराला पेटीतून काढून काही मिनिटे शांत बसू द्यायला हवे. भुंकणाऱ्या कुत्र्याशेजारी मोजलेला दाब त्या कुत्र्याचा असतो.

आता मुख्य गोष्ट. मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, मांजर जितके पिते त्याहून जास्त बाहेर जाते, अंग सुकते आणि त्या सुकण्याने उरलेले मूत्रपिंड आणखी बिघडते. हे चक्र सैल करायचा साधा उपाय म्हणजे कातडीखाली सलाईन. शिरेतले नव्हे. शिरेतले दवाखान्यातच. मात्रा आणि वार मांजराचे वजन आणि हृदय पाहून पशुवैद्यक ठरवतात. बहुधा एका वेळी १०० ते १५० मिली, रोज किंवा दिवसाआड. यासाठी रोज रिक्षा करून दवाखाना गाठणे म्हणजे मांजराच्या उरलेल्या दिवसांतले तास पेटीत आणि बाकावर घालवणे. हे काम घरी होते, आणि साठीतल्या माणसालाही जमते. जमत नाही ते केवळ तोंडी ऐकून.

जमलेल्या घरात ते असे दिसते. खिडकीच्या ग्रिलला, पडद्याच्या हुकाला, रिंगर लॅक्टेटची अर्ध्या लिटरची बाटली टांगलेली. ती आधी दहा मिनिटे कोमट पाण्याच्या बादलीत ठेवलेली, कारण थंड सलाईन आत गेले की मांजर शहारते आणि दुसऱ्या दिवशी बाटली पाहूनच कपाटामागे जाते. बाळाच्या दुधाची पारख करतात तसा एक थेंब मनगटावर टाकून पाहिलेला. नळीतली हवा काढलेली. मांजर त्याच्याच गोधडीवर, त्याच्याच कोपऱ्यात. नव्या जागी, चकचकीत टेबलावर, पाय घसरत असताना कोणतेही मांजर सुई घेत नाही. एकाने डोक्यावरून हात फिरवायचा. दुसऱ्याने डाव्या हाताच्या चिमटीत दोन खांद्यांमधली कातडी उचलायची. तिचा छोटा तंबू होतो. तंबूच्या दारातून आत शिरावे तशी सुई पाठीला समांतर आत सरकवायची, तिचे तिरके तोंड वर ठेवून. मग चाक सैल करायचे आणि बाटलीवरच्या खुणांकडे नजर ठेवायची. पाच-दहा मिनिटांचा मामला.

पहिल्या आठवड्यात सुई तंबूच्या पलीकडून बाहेर येते आणि सगळे सलाईन केसांवर सांडते. सगळ्यांचेच होते. बारीक सुई कमी दुखेल म्हणून ती मागितली जाते, पण तिच्यातून थेंब थेंब जाताना मांजराचा धीर सुटतो. १८ किंवा २० नंबरची सुई, दर वेळी कोरी, हेच बरे. आत गेलेल्या पाण्याचा आधी लिंबाएवढा आणि मग संत्र्याएवढा फुगवटा होतो. काही तासांत तो ओघळून पुढच्या पायाकडे किंवा पोटाखाली उतरतो. हे आधी सांगितलेले नसले की रात्री अकराला डॉक्टरांचा फोन वाजतो : ‘पाय सुजलाय!’ सांगितलेले असले की तेच घर सकाळी फुगवटा जिरला का, एवढे पाहून मोकळे होते. दुसऱ्या दिवशीही तो जिरला नसेल तर पुढची मात्रा थांबवून विचारायचे. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला ३० च्या वर जाऊ लागले तर सलाईन बंद करून त्याच दिवशी दाखवायचे, कारण पाणी हृदयाला झेपेनासे झालेले असू शकते. श्वास झोपेतच मोजावेत. घुरघुरताना मोजण्यात अर्थ नाही.

औषधाच्या दुकानात ‘आरएल संपले, डीएनएस घेऊन जा, सलाईन ते सलाईन’ असे ऐकवले जाते. डीएनएससारखे डेक्स्ट्रोज असलेले सलाईन कातडीखाली देऊ नये, ही ओळ चिठ्ठीवर ठळक लिहिलेली असावी. आणि वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत जाऊ नयेत. त्या जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात परत घेतल्या गेल्या, तर सकाळी कचरा उचलणाऱ्या माणसाचा हात वाचतो.

पाण्यानंतर अन्न, आणि इथे घरातली प्रेमळ माणसेच जास्त चुकतात. मराठी घरात मांजर म्हणजे दूधपोळी. वाढलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, शिवाय दुधात फॉस्फरस असतो आणि आजारी मूत्रपिंडाला नेमका तोच नकोसा असतो. कोकणातल्या घरात सुकट आणि सुके बोंबील. ते मिठाने भरलेले. कालवणातला तुकडा धुऊन घातला तरी कांदा-लसणाचा अंश राहतो, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. बिनमिठाचा उकडलेला बांगडा किंवा कोंबडी, कोमट, थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा, हे म्हाताऱ्या मांजराला चालते. मूत्रपिंडाच्या आजारासाठी मिळणारे कमी फॉस्फरसचे तयार अन्न अर्थातच सर्वांत चांगले. मात्र ते मांजर खात असेल तरच. ते खाल्ले नाही म्हणून बाकी सगळे बंद करून मांजराला उपाशी ‘ताळ्यावर आणण्याचा’ सल्ला अजून दिला जातो, आणि तो सरळ चुकीचा आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि किडनीच्या आजारावर दुसरा जीवघेणा आजार बसतो. पोटात काहीतरी जाणे हे योग्य तेच जाण्याच्या आधी येते.

मांजर भांड्यापाशी येते, वास घेते, जिभेने ओठ चाटते आणि निघून जाते. घर म्हणते, नखरे. ती मळमळ असते. साचलेल्या विषारी द्रव्यांनी पोट ढवळत असते, पुढे तोंडात फोड येतात, श्वासाला अमोनियासारखा वास येतो, मांजर दात खाते. त्या वेळी आठ प्रकारचे अन्न समोर मांडून उपयोग नाही. उलट जे अन्न मळमळीच्या वेळी तोंडाशी आले त्याची मांजराला कायमची शिसारी बसते. आधी मळमळीचे औषध, मारोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन, आणि मग भूक वाढवणारे मिर्टाझापिन, या क्रमाने गेले तर बरीच मांजरे पुन्हा खाऊ लागतात. मिर्टाझापिनचे कानाला लावायचे मलम अमेरिकेत २०१८ पासून मान्य आहे. गोळी देणे हीच जिथे रोजची लढाई, तिथे असा मार्ग मोलाचा. कोणतीही गोळी कोरडी गिळवू नये, मागून सिरिंजने ४-५ मिली पाणी द्यावे. मांजराची अन्ननलिका गोळी अडकवून ठेवते आणि डॉक्सिसायक्लिनसारखे औषध तिथे जखम करते. सिरिंजने जबरदस्तीने भरवणे चार दिवसांच्या अडचणीपुरते ठीक. त्यापुढे मानेतून नळी घालायची की नाही, हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे. नळी क्रूर दिसते. रोज दोन वेळा टॉवेलात गुंडाळून तोंड उघडणे त्याहून क्रूर असते.

बद्धकोष्ठाकडे कोणाचे लक्ष जात नाही. सुकलेल्या अंगाने मांजर पाटीत बसून कुंथते, ओकते आणि जेवण सोडते. लॅक्ट्युलोजने भागते. फॉस्फेटचा तयार एनिमा मात्र मांजराचा जीव घेतो, तो घरी कोणी देऊ नये. मान छातीवर पडलेली, डोळे वर करून पाहणारे मांजर दिसले तर रक्तातले पोटॅशियम उतरलेले असण्याची शक्यता मोठी, आणि ते भरून काढता येते. रक्त कमी झाले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर त्यावरही औषधे आहेत. या सगळ्या गोष्टी आजार बरा करत नाहीत. त्यांनी मांजर पुन्हा खिडकीत जाऊन बसते, एवढेच.

दोन गोष्टी प्रत्येक घराला लेखी द्याव्यात अशा आहेत. पहिली पॅरासिटामॉलची. अंग गरम लागले म्हणून घरातली तापाची गोळी अर्धी करून देणारे लोक अडाणी नसतात, घाबरलेले असतात. मांजराच्या यकृताला हे औषध मोडता येत नाही. हिरड्या मातकट होतात, तोंड सुजते, रक्त प्राणवायू वाहणे सोडते. एक गोळी पुरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचेही तेच. शिवाय मांजराचे निरोगी तापमान १०१-१०२ फॅरनहाइट असते, ते आपल्या तळहाताला नेहमीच गरम लागणार. दुसरी गोष्ट फिनेलची. आजारी मांजर जागच्या जागी लघवी करू लागले की फरशी फिनेलने पुसली जाते. मांजर त्यावरून चालते आणि पंजे चाटते. साधे साबणाचे पाणी पुरे.

मांजराला दुखते हे ओळखणे हा स्वतंत्र अभ्यास आहे. कुत्रे केकाटते. मांजर गप्प बसते. १२ वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांची झीज दिसते, पण लंगडणारे मांजर क्वचित आढळते. ते फ्रिजवर चढणे सोडते, मग पलंगावर, मग पाटीची उंच कड त्याला ओलांडवत नाही आणि ते पाटीबाहेर लघवी करते, आणि बोलणी खाते. भांडी घासायच्या जुन्या टबाची एक बाजू कापून केलेली बुटकी पाटी हे अशा वेळी कोणत्याही गोळीइतके उपयोगी औषध आहे. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळ्यांचे आकसणे, नाकातोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची पातळी या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. एकूण १० पैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. घरच्यांनी मोबाइलवर रोज एक फोटो काढून दाखवला तरी काम होते. घुरघुर ऐकून ‘खूश आहे’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे, कारण मांजर दुखतानाही घुरघुरते आणि शेवटच्या तासातही.

मांजर मरताना घर सोडून जाते, असे आजी-पणजीपासून सांगितले जाते. त्यात निरीक्षण खरे आहे, अर्थ चुकला आहे. दुखणाऱ्या, थकलेल्या प्राण्याला आडोसा हवा असतो. तो स्वतः शिकारी असला तरी मोठ्या प्राण्यांची शिकारही असतो, म्हणून लपतो. गच्चीच्या टाकीखाली, जिन्याखालच्या अडगळीत गेलेले मांजर तहानेने आणि थंडीने मरते, त्याला कसला साक्षात्कार झालेला नसतो. दार लावून घ्यावे, आणि आडोसा घरातच द्यावा : आडवे ठेवलेले खोके, त्यात गोधडी, शेजारी पाणी. आजारी पाळीव जनावर विनाकारण रस्त्यावर मरू देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हाही आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. १९६० चे आकडे आहेत, अजून तेच.

आता शेवटाची वेळ. ती कशी ओळखायची, याला अमेरिकेतल्या पशुवैद्यक अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, अंगातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना १० पैकी गुण द्यायचे. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर चालू ठेवायचे. पट्टी ढोबळ आहे. आनंदाला ६ की ७ यावर नवराबायकोत वाद होतात. तरी तिचा एक मोठा गुण असा की ती लिहावी लागते. रोज बघणाऱ्याला घसरण दिसत नाही. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिंब आणि वाईट दिवसाला फुली एवढे केले तरी महिन्याचे पान उलटताना ती दिसते. त्याहून साधी युक्ती म्हणजे मांजर ‘मांजर’ असताना करायचे अशा तीन गोष्टी आधी लिहून ठेवणे : सकाळी दूधवाला आला की दाराशी जाणे, गॅलरीत उन्हाला पसरणे, मासे साफ होताना ओट्याशी ओरडणे. तिन्ही थांबल्या की बोलायची वेळ आली.

अर्थात घाईही होते. नीट चाललेले मांजर अचानक कोसळले, क्रिएटिनिन दुप्पट झाले, तर तो शेवट असेलच असे नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, मूत्रवाहिनीतला खडा किंवा चार दिवसांच्या उलट्यांनी आलेला कोरडेपणा जुन्या आजारावर स्वार झालेला असतो, आणि तीन-चार दिवस शिरेतून सलाईन दिल्यावर ते मांजर परत काही महिने जगू शकते. सोनोग्राफीआधी ‘आता काही उरले नाही’ म्हणू नये. पण अशी तिसरी-चौथी खेप असेल, दोन खेपांमधले चांगले दिवस आठवड्यावर आले असतील, तर पिंजऱ्यातले आणखी तीन दिवस कोणासाठी, हे विचारायचे काम पशुवैद्यकाचे आहे. घरचे ते विचारू शकत नाहीत. त्यांना वाटते, आपण विचारले तर आपल्याला कंटाळा आला असे दिसेल. ‘बघू या’ आणि ‘तुम्ही ठरवा’ ही दोन उत्तरे सभ्य असतात आणि निरुपयोगीही.

महाराष्ट्रात या बोलण्याच्या आड एक जुनी गोष्ट येते. मांजर मारल्याचे पाप मोठे, ते फेडायला सोन्याचे मांजर काशीला दान करावे लागते, अशी समजूत आहे. हसून सांगितली तरी ती मनात असते, विशेषतः ज्या हातांनी सही करायची त्या हातांच्या मनात. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा एवढे स्पष्ट करावे की आजार आधीच मारतो आहे आणि प्रश्न उरलेल्या दिवसांच्या यातनांचा आहे. ज्यांना तरीही दयामरण नको, त्यांना कमी लेखू नये. त्यांना वेदनाशामक, मळमळीचे औषध आणि काय काय होईल याची माहिती देऊन घरच्या मरणाची तयारी करून द्यावी : अंग गार पडते, श्वास अनियमित होतो, मधे झटके येऊ शकतात. उबेसाठी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून द्यावी, थेट अंगाला लावू नये. हलता न येणारे मांजर भाजते. झटके आले तर फोन कोणाला करायचा, तो नंबर आधीच लिहून द्यावा.

दयामरण द्यायचे ठरले तर पहिली सुई गुंगीची. ती कातडीखाली किंवा स्नायूत, घरच्यांच्या मांडीवर देता येते. दहा-पंधरा मिनिटांत मांजर गाढ झोपते. मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, आणि एक-दोन मिनिटांत हृदय थांबते. डोळे मिटत नाहीत. नंतरही एखादा श्वास घेतल्यासारखे होते, मिशा थरथरतात, लघवी सुटते. हे आधी सांगितले नाही तर ‘ते अजून जिवंत होते’ ही शंका माणसे वर्षानुवर्षे बाळगतात. शुद्धीत असलेल्या मांजराला पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट देणे जगभर अमान्य आहे, त्याने प्राणी जागा असताना तडफडतो. स्वस्त पडते म्हणून ते कोणी वापरू नये. घरात लहान मूल असेल तर ‘झोपवले’ हा शब्द टाळावा. ते मूल त्या रात्री झोपायला घाबरते.

मागे उरते ते शरीर. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे पाळीव आणि भटक्या लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. असे सोयीचे ठिकाण जवळ नसेल तर पुरावे लागते. दयामरण दिलेल्या मांजराच्या देहात औषध शिल्लक असते, ते उकरून खाणारे कुत्रे किंवा घारही मरू शकते, तेव्हा खड्डा खोल हवा. घरात दुसरे मांजर असेल तर त्याला देह हुंगू द्यावा. काही मांजरे त्यानंतर शोधणे थांबवतात, काही थांबवत नाहीत.

या सगळ्यातले पशुवैद्यकाच्या हातून होणारे काम मिनिटांचे आहे आणि घरच्या हातून होणारे महिन्यांचे. म्हणून विनंती एवढीच. मूत्रपिंडाच्या आजाराचे निदान ज्या दिवशी होईल, त्या दिवशी चिठ्ठी लिहून झाल्यावर सलाईनची पहिली सुई डॉक्टरांनी टोचावी आणि दुसरी, तिथेच, टेबलाशी उभे राहून, घरच्या माणसाच्या हातून टोचून घ्यावी. सुई पलीकडून बाहेर आली, केस ओले झाले, तर हसू नये. तिसरी द्यावी.